लॅपटॉप, ॲम्प्लिफायर आणि मधली घरघर

मागच्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कराओके ठेवला होता. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची साधी सोसायटी, हॉल नाही, म्हणून गच्ची. लॅपटॉप माझा, ॲम्प्लिफायर गणपतीत काढतो तो सोसायटीचा, प्रोजेक्टर तिसऱ्या मजल्यावरच्यांचा. सगळं जोडून आवाज वाढवला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घूंऽऽ, रस्त्यावरच्या डीपीजवळून जाताना येतो तसा. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं केबल बदल, कुणी म्हणालं स्पीकर फाटलाय. सेक्रेटरी काका म्हणाले, "आज लाइटच कमी येतोय." अर्धा तास मी पिना काढत-घालत बसलो. तेवढ्यात दुधाच्या पातेल्यासाठी इंडक्शन लावायचं म्हणून समोरच्या काकूंनी "ही काळी वायर कुणाची?" म्हणत बोर्डावरचा एक प्लग उपसला, आणि घूं जागच्या जागी थांबली. ती वायर माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची होती.

लॅपटॉप चांगला होता, ॲम्प्लिफायर चांगला होता, केबलही चांगली होती. बिघाड होता तो त्यांच्या जोडणीत. या प्रकारच्या तक्रारींमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं, आणि म्हणून आधी नवी केबल, मग नवं साउंड कार्ड, मग नवा ॲम्प्लिफायर असे पैसे घालवण्यात अर्थ नसतो. आधी आवाज कुठून आत शिरतोय ते शोधायचं. त्याला वीस मिनिटं आणि एक मोबाइल पुरतो.

पहिली पायरी: आवाज नीट ऐका

गाणं बंद करा, ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीच्या जागी ठेवा आणि स्पीकरजवळ कान न्या. जो आवाज येतो त्याचा प्रकार ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

जाड, सलग घूं येत असेल तर तो विजेचा आवाज. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. म्हणून ही घूं ५० किंवा त्याच्या दुपटीची, म्हणजे १०० हर्ट्झची असते. डीपीजवळ ऐकू येतो तोही १०० हर्ट्झचाच. आवाज सलगच पण चिरका, झर्र असा असेल तर फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर किंवा स्वस्तातल्या एलईडी माळा यांच्यावर संशय घ्या. एकेक बंद करून पाहा, आरोपी लगेच सापडतो.

बारीक शिट्टी किंवा किडकिड येते, आणि माउस हलवला, पान सरकवलं, व्हिडिओ सुरू केला की तिचा सूर बदलतो? मग ती लॅपटॉपच्या पोटातली. नुसतीच पावसासारखी सूंऽऽ असेल तर तो आवाजाच्या पातळ्यांचा घोळ. अधूनमधून खर्र, टक्, तुटक आवाज येत असेल तर केबल, जॅक किंवा सॉफ्टवेअर. थांबून थांबून टर्र-टर्र-टर्र येत असेल तर ॲम्प्लिफायरवर ठेवलेला मोबाइल उचला. जुन्या टूजी नेटवर्कवर फोन बोलतो तेव्हा असं होतं. फोन दोन हात लांब नेला की संपलं.

दुसरी पायरी: एकेक वस्तू वेगळी करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण खरं निदान इथेच होतं. दर वेळी वायर काढता-घालताना ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा, नाहीतर धप्प होऊन स्पीकरचा पडदा जायचा.

आधी ॲम्प्लिफायरला जोडलेलं सगळं काढा, फक्त स्पीकर ठेवा. आता आवाज वाढवा. तरीही घूं येत असेल तर लॅपटॉपचा काही संबंध नाही, या लेखाचा शेवटचा भाग वाचा.

शांत असेल तर केबल लावा आणि तिच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपऐवजी मोबाइल किंवा जुना एमपीथ्री प्लेअर लावा, चार्जिंगला न लावता. केबलचं टोक मोकळं ठेवून तपासू नका. मोकळं टोक अँटेनासारखं वागतं आणि घूं करतंच, त्यावरून माणूस केबलला उगीच दोष देतो. बॅटरीवरच्या मोबाइलमधून आवाज स्वच्छ आला तर केबल आणि ॲम्प्लिफायर दोन्ही निर्दोष सुटले.

आता लॅपटॉप लावा, पण बॅटरीवर, आणि त्याला दुसरं काहीही न जोडता. चार्जर नाही, एचडीएमआय नाही, लॅनची वायर नाही, बाहेरची हार्ड डिस्क नाही. ऐका. मग एकेक जोडत जा आणि प्रत्येक वेळी ऐका. ज्या वायरीने घूं सुरू झाली ती कागदावर लिहून ठेवा. आमच्या गच्चीवर ती चार्जरची होती. नंतर एकदा भाच्याच्या घरी, कर्वेनगरला, चार्जर निर्दोष निघाला आणि टीव्हीची एचडीएमआय सापडली. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, त्याला गच्चीवरच्या डिशची केबल, आणि त्या केबलचं धातूचं आवरण वर लोखंडी खांबाला टेकलेलं. घूं गच्चीवरून जिन्यातून खाली उतरून लॅपटॉपमार्गे स्पीकरमध्ये येत होती.

घूं: दोन वाटांची अर्थिंग

असं का होतं ते एकदा समजलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत. गच्चीवरच्या दोन टाक्या घ्या. दोघींची पाण्याची पातळी दोन बोटं वरखाली आहे आणि खालून पाइपने त्या जोडल्या. पाइपमधून पाणी वाहणारच. लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर बहुतेक वेळा लॅपटॉपची निगेटिव्ह बाजू अर्थिंगला जोडतो. तीन पिनी ॲम्प्लिफायरचा पत्राही अर्थिंगलाच जोडलेला असतो. दोघं वेगवेगळ्या प्लगमध्ये असतील तर त्यांच्या अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो, ती पातळी. आणि ऑडिओ केबलची बाहेरची जाळी हा तो पाइप. जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतो. पण साध्या केबलमध्ये गाण्याच्या सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी असते, त्यामुळे ॲम्प्लिफायरला तो करंट गाण्याचाच भाग वाटतो. घरगुती लाइन सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा. त्यात एक-दोन मिलिव्होल्ट मिसळले तरी शांत जागी कान पकडतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: लॅपटॉपचा चार्जर, ॲम्प्लिफायर आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि तो बोर्ड एकाच प्लगमध्ये. टाक्या शेजारी आल्या की पातळीचा फरक जवळजवळ उरत नाही. सहा ॲम्पियरच्या प्लगवर साधारण १३०० वॉट चालतात. लॅपटॉपचे ६५, प्रोजेक्टरचे तीनशेच्या आसपास आणि छोट्या ॲम्प्लिफायरचे दोन-तीनशे धरले तरी आरामात बसतं. इंडक्शनची शेगडी मात्र त्या बोर्डावर नको. ती एकटी दोन हजार वॉट खाते, तिला सोळा ॲम्पियरचा मोठा प्लग लागतो. काकूंना हे मी दूध पिऊन झाल्यावर सांगितलं.

कार्यक्रम दोन तासांचा आणि बॅटरी चांगली असेल तर दुसरा उपाय सरळ आहे: पूर्ण चार्ज करून आणा आणि चार्जर लावूच नका. मी आजही बऱ्याचदा हेच करतो. आमची बॅटरी त्या रात्री ३४ टक्क्यांवर होती, नऊ वाजता राम म्हणाली, ती गोष्ट वेगळी.

अर्थिंगच्या या दोन वाटांच्या फेऱ्याला ग्राउंड लूप म्हणतात. तिसरा उपाय म्हणजे तो तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते, दोन्ही बाजूंना साडेतीन एमएमचे जॅक किंवा लाल-पांढऱ्या आरसीए पिना. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. गाणं एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकाच्या जोरावर उडी मारतं, तारेने तार जोडलेली नसते, त्यामुळे तो टाक्यांमधला पाइपच तुटतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळते. घेताना लॅपटॉप बरोबर न्या आणि ढोल-ताशा किंवा पखवाजाचं रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावून ऐका. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर चिमुकला असतो. खालचे सूर जोरात आले की त्याला पेलत नाहीत, ढोल पुठ्ठ्यासारखा वाजतो. तसं झालं तर लॅपटॉपचा आवाज थोडा उतरवून पाहा, नाहीतर दुसरी डबी मागा. आणि ही डबी ॲम्प्लिफायरच्या आधी लावायची. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये लावली तर जळेल.

अर्थिंगची पिन कापायची नाही

प्रत्येक सोसायटीत एक उत्साही माणूस असतो जो म्हणतो, "मधली जाड पिन काढून टाक, बघ कसा शांत होतो." शांत होतो, खरं आहे. पण ॲम्प्लिफायरच्या आत उद्या फेजची तार पत्र्याला टेकली तर त्या पत्र्याला २३० व्होल्ट येतील, आणि माइकच्या जाळीपर्यंत येतील. ओठ त्या जाळीला लावूनच गातात आपल्याकडे. तेव्हा हा उपाय कुणी कितीही वेळा यशस्वी केलेला असो, नाही म्हणा.

याहून वाईट एक जुगाड जुन्या पेठांमधल्या घरांत पाहिलाय. प्लगमध्ये अर्थिंगची तार आलेलीच नसते, म्हणून कुणीतरी आतल्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून ठेवतं. मागे कुठे न्यूट्रल तुटली की घरातल्या सगळ्या पत्र्यांना करंट. तपासणी वायरमनकडून करून घ्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. चालू लोडवरही बरोबर शून्य दिसलं तर त्याला प्लग उघडून बघायला सांगा.

दोन पिनी चार्जरची तऱ्हा निराळी. त्याला अर्थिंगच नाही, म्हणजे लूप नाही. पण चार्जरच्या आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून थोडी वीज लॅपटॉपच्या अंगावर झिरपते. धातूच्या लॅपटॉपवरून बोट हलकेच फिरवलं की जे झिणझिणतं ते हेच. मल्टिमीटरने लॅपटॉपचा पत्रा आणि अर्थिंग मोजलं तर ८०-१०० व्होल्टसुद्धा दिसतात, घाबरू नका, करंट अगदी नगण्य असतो. पण ॲम्प्लिफायरही दोन पिनी असेल तर सगळी यंत्रणा अधांतरी राहते आणि ही झिरप स्पीकरमध्ये ऐकू येते. खूण अशी: लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की घूं कमी होते. तुम्हीच अर्थिंग झालात. अशा वेळी त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टचा तीन पिनी चार्जर मिळतो का पाहा. बऱ्याच लॅपटॉपना तो चालतो.

शिट्टी, आणि यूएसबी साउंड कार्डचा गैरसमज

माउसबरोबर सूर बदलणारी किडकिड ही लॅपटॉपच्या आतल्या वीजपुरवठ्याची. प्रोसेसर कधी जास्त वीज खातो, कधी कमी; तो चढउतार हेडफोनच्या जॅकपर्यंत गळतो. इथे सगळे एकच सल्ला देतात, यूएसबी साउंड कार्ड घ्या, म्हणजे यूएसबीत खोचायचं, आवाज लॅपटॉपबाहेर तयार करणारं छोटं यंत्र. घ्या, पण आधी एक चाचणी करा.

लॅपटॉप बॅटरीवर ठेवून शिट्टी येते का? येत असेल तर गळती आतच आहे आणि यूएसबी कार्ड, म्हणजे डॅक, उपयोगी पडेल, कारण आवाज आता बाहेर तयार होतो. पण शिट्टी फक्त चार्जर लावल्यावर येत असेल तर ती जाळीतून येतेय, आणि यूएसबीच्या तारेतली निगेटिव्हही त्याच लॅपटॉपला जोडलेली असते. नव्या कार्डातूनही तीच शिट्टी येईल. तिथे पुन्हा आयसोलेटरची डबीच कामाची. माझ्या कपाटात असं एक निरुपयोगी ठरलेलं कार्ड पडून आहे, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

ब्लूटूथ रिसीव्हर हा पळवाटेचा पण चांगला मार्ग. तार नाही, तर लूप नाही. फक्त त्याला वीज लॅपटॉपच्याच यूएसबीतून देऊ नका, तार पुन्हा जोडली जाते आणि घूं परत येते. पॉवर बँकेवर चालवा. कराओकेला किंवा नाचाच्या तालमीला ब्लूटूथ जमत नाही, आवाज किंचित उशिरा येतो आणि शब्द पडद्यावर पुढे पळतात. टीव्हीमधून किंवा साउंड कार्डातून ऑप्टिकल तार निघत असेल आणि ॲम्प्लिफायरला ती घेता येत असेल तर प्रश्नच मिटला. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज नाही.

सूंऽऽ

ही दुरुस्त करायला काहीच लागत नाही. लोक लॅपटॉपचा आवाज वीसवर ठेवतात आणि ॲम्प्लिफायर पूर्ण पिरगाळतात. मग ॲम्प्लिफायर गाण्याबरोबर स्वतःचा सुस्काराही मोठा करून ऐकवतो. उलट करा: लॅपटॉप ८०-९० टक्के, ॲम्प्लिफायर गरजेपुरता. न वापरलेल्या माइकचे सगळे नॉब शून्यावर.

हॉलमधल्या मोठ्या ॲम्प्लिफायरवर आणखी एक चूक सर्रास होते. लॅपटॉपची पिन माइकच्या मोठ्या भोकात, ज्याच्या पिनेला बाजारात पी-३८ म्हणतात, तिथे घातली जाते, कारण ते भोक समोर असतं. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा. लॅपटॉप त्याच्या शंभरपट देतो. परिणामी आवाज फाटतो आणि घूंही तेवढीच मोठी होते. मागच्या बाजूला ऑक्स लिहिलेल्या आरसीए पिना शोधा, त्या आपल्यासाठी आहेत.

गायक गायब

हा प्रकार तुम्हाला भेटेलच, म्हणून सविस्तर. एका एकांकिकेच्या तालमीला हॉलच्या मिक्सरला लॅपटॉप जोडला. केबल होती एका टोकाला साडेतीनचा स्टिरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला तीन पिनी एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबलला असते ती गोल पिन. गाणं लागलं, तबला ऐकू आला, व्हायोलिन लांबून ऐकू आलं, गायिका मात्र नाही. दिग्दर्शक म्हणाला फाइल खराब आहे. फाइल ठणठणीत होती. एक्सएलआरचं भोक दोन तारांमधला फरक ऐकतं, आणि आपण त्यात एका तारेवर डावा आवाज, दुसऱ्यावर उजवा दिला होता. गायिका दोन्हीकडे सारखी रेकॉर्ड केलेली, म्हणून वजाबाकीत शून्य. कुणी हुशारीने लॅपटॉपमध्ये मोनो ऑडिओ सुरू केला तर सगळंच शून्य होतं.

यावर खरा उपाय डीआय बॉक्स, दोन चॅनेलचा; लॅपटॉपचा सिग्नल एक्सएलआरच्या भोकाला चालेल असा करून देणारी ही डबी. त्यात बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर असतो, ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे जाळीची जोडणी तोडणारं बटण असतं, लांब वायरही चालते आणि घूंही जाते. नाटकवाल्यांनी, ऑर्केस्ट्रावाल्यांनी एक घेऊनच ठेवावा. तो नसेल तर एका स्टिरिओ जॅकचे दोन मोनो जॅक होणारी वाय केबल घेऊन मिक्सरच्या दोन लाइन चॅनेलमध्ये घाला. आणि जोडायच्या आधी मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण बंद आहे ना ते बघा. ते कंडेन्सर माइकसाठी असतं, लॅपटॉपच्या जॅकला मारक ठरू शकतं.

खर्र आणि टक्

गाणं चालू ठेवून केबल दोन्ही टोकांना हळूच हलवा. खरखर झाली तर केबल बदला. लॅपटॉपचा जॅक सैल असेल तर मात्र यूएसबी कार्ड हा खरोखर स्वस्त उपाय आहे. एक छोटी गोष्ट: माइकसकट चालणाऱ्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, तशी चार भागांची पिन ॲम्प्लिफायरच्या केबलला नको. दोन पट्ट्यांची घ्या, आणि खट् होईपर्यंत आत ढकला.

केबल हलवूनही काही होत नाही आणि तरी तुटक येतं, मग विंडोजमध्ये जा. साउंडच्या सेटिंगमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, सॅम्पल रेट ४८००० वर ठेवा, माइकच्या सेटिंगमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस' वरची खूण काढा. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ते चालू असेल तर लॅपटॉपचा माइक खोलीतला पंखा गोळा करून स्पीकरमध्ये सोडतो. बॅटरी सेव्हर बंद, न लागणारे टॅब बंद. गाणं सुरू होताना आणि संपल्यावर काही सेकंदांनी टक् होत असेल तर साउंड चिप झोपतेय आणि उठतेय. ड्रायव्हरच्या सेटिंगमधून पॉवर सेव्हिंग काढा.

वायर कशी टाकायची

साडेतीनची साधी केबल तीन-चार मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर जवळ ठेवा आणि स्पीकरची वायर लांबवा, तिला घूंचं भय नसतं. ऑडिओची वायर आणि विजेची वायर हातात हात घालून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात. मंडपात नेमकं उलटं होतं, सगळ्या वायरी एका चिकटपट्टीत बांधून बाजूला सरकवतात.

काहीच न जोडता ॲम्प्लिफायर घूं करत असेल तर

मग बिघाड त्याच्या पोटातच. पंधरा-वीस वर्षं झालेल्या ॲम्प्लिफायरमधले वीज गाळणारे मोठे कपॅसिटर सुकतात आणि १०० हर्ट्झची घूं सुटते, आवाजाचा नॉब शून्यावर असला तरी. नॉब वाढवल्यावरच घूं वाढत असेल तर गडबड त्याच्या आधीच्या भागात, बऱ्याचदा आतली सुटलेली जाळीची तार. दुकानात हे दोन वाक्यांत सांगितलंत तर मेकॅनिक वेळ घालवत नाही. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. कपॅसिटर बदलायचे तर जोडीने बदलून घ्या आणि जुने परत मागा. आमच्या सोसायटीच्या ॲम्प्लिफायरचे गणपतीआधी बदलले, जुन्यांची डोकी पापडासारखी फुगली होती.